आज, काल, उद्या : शब्दांच्या जाती आणि शब्दांची कामे

शालेय व्याकरणात ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द एकाच शीर्षकाखाली दिलेले असतात : कालवाचक क्रियाविशेषण अव्यये. अव्यय म्हणजे ज्याला व्यय नाही, लिंग, वचन आणि विभक्ती यांमुळे ज्याच्या रूपात फरक पडत नाही, असा शब्द. विद्यार्थी ही व्याख्या पाठ करतो आणि घरी जाताना सहज म्हणून जातो, “कालचा गृहपाठ राहिला, आजचा तरी पुरा करू.” ‘कालचा’ आणि ‘आजचा’ यांतील ‘चा’ हा षष्ठी विभक्तीचा प्रत्यय होय, हेही त्याला त्याच पुस्तकाने काही पाने अगोदर शिकविलेले असते. ज्या शब्दाला विभक्ती लागत नाही त्याला ती कशी लागली, असा प्रश्न त्याने विचारला, तर तो योग्यच प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र दोन वाक्यांत देण्यासारखे नाही.

शब्दांच्या आठ जाती मानण्याची पद्धत मराठीत आली ती मुख्यतः इंग्रजी व्याकरणाच्या आराखड्यावरून, आणि इंग्रजीने ती ग्रीक-लॅटिन परंपरेतून घेतली होती. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११चा. या पाऊणशे वर्षांत आठ जातींची मांडणी मराठी शिक्षणात पक्की झाली. या मांडणीत गैर काही नाही. पण तिच्यामुळे एक समज नकळत रुजतो. तो असा की, माणसाला जसे आडनाव असते तशी प्रत्येक शब्दाला एक जात जन्मतः चिकटलेली असते. कालवाचक शब्दांना हा समज मुळीच मानवत नाही. ते एका वाक्यात एक काम करतात आणि दुसऱ्या वाक्यात दुसरेच.

आपल्याकडील जुन्या व्याकरणाने हा विषय वेगळ्या रीतीने हाताळला होता. पाणिनीने पदांचे दोनच मोठे वर्ग मानले : नामाचे प्रत्यय घेणारी सुबन्त पदे आणि क्रियापदाचे प्रत्यय घेणारी तिङन्त पदे. मग अव्ययांना जागा कोठे? तीही सुबन्तांतच. अव्ययालाही नामाचा प्रत्यय लागतो, फक्त लागल्यावर त्याचा लोप होतो, असे पाणिनी सांगतो. म्हणजे त्याच्या दृष्टीने अव्यय हे नामाचे परके नाही. ते प्रत्यय न दिसणारे नामासारखेच पद आहे. ‘अद्य’ हा शब्द पाणिनी एका सूत्रात तयार रूप म्हणून देतो. त्याच सूत्रात ‘परुत्’ म्हणजे गेल्या वर्षी, ‘परारि’ म्हणजे त्याच्याही आधीच्या वर्षी आणि ‘ऐषमः’ म्हणजे यंदा, हेही शब्द येतात. ‘अद्य’पासून आपला ‘आज’ झाला, आणि ग्रामीण बोलीतील ‘पोरसाल’ या शब्दातला ‘पोर’ हा ‘परुत्’चा वंशज आहे.

या अव्ययांना नामाच्या पुढे विशेषण म्हणून बसवायचे झाले, तर संस्कृत षष्ठी वापरीत नाही. ‘आजचा’ या अर्थी ‘अद्यस्य’ असे रूप संस्कृतात होत नाही. त्यासाठी ‘तन’ हा स्वतंत्र प्रत्यय आहे. अद्य, अद्यतन, ह्यः म्हणजे काल, ह्यस्तन, श्वः म्हणजे उद्या, श्वस्तन. पुरातन, सनातन, चिरंतन हे आपल्या रोजच्या वापरातले शब्द याच साच्यातून निघाले. कातंत्र व्याकरणाने तर एक पाऊल पुढे जाऊन या विशेषणांचीच नामे केली आणि ती क्रियापदाच्या काळांना दिली. तेथे एका भूतकाळाचे नाव ‘ह्यस्तनी’, दुसऱ्याचे ‘अद्यतनी’ आणि एका भविष्यकाळाचे नाव ‘श्वस्तनी’ आहे. क्रियेचा समय सांगणारे अव्यय, त्याचे विशेषण आणि त्या विशेषणाचे पारिभाषिक नाम, असा या शब्दांचा प्रवास आहे.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. ‘कालचा’ यातील ‘चा’ षष्ठीचा, की ‘तन’चे काम करणारा? याचा निकाल मराठीच लावते, आणि तो ऐकण्यासारखा आहे. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘काळ’ या नामाचे ‘काळाचा’ होते, ‘माळ’चे ‘माळेचा’. त्या नियमाने ‘काल’चे ‘कालाचा’ व्हावयास हवे होते; ते होत नाही, ‘कालचा’ होते. ‘आज’चे ‘आजाचा’ केले तर त्याचा अर्थ ‘आजोबांचा’ असा होईल! म्हणजे हे शब्द प्रत्यय घेतात, पण तो घेण्यापूर्वी नामे जशी वाकतात तसे वाकत नाहीत. व्याख्येतील ‘व्यय नाही’ ही अट त्यांनी आपल्यापुरती पाळलेली आहे.

आणि हे केवळ या चार शब्दांपुरते नाही. ‘सोमवारचा बाजार’ आपण म्हणतो, पण ‘सोमवाराचे माहात्म्य’ म्हणतो. ‘घरचे जेवण’ वेगळे आणि ‘घराचे छप्पर’ वेगळे. पहिल्या जोडीत बाजार सोमवारी भरतो आणि माहात्म्य सोमवार या वाराचे असते. दुसऱ्या जोडीत जेवण घरी झालेले असते आणि छप्पर घर या वस्तूचे असते. जेथे स्थळ किंवा काळ दाखवायचा तेथे ‘चा’ मूळ शब्दाला सरळ लागतो. जेथे मालकीचा किंवा अंगांगीभावाचा संबंध दाखवायचा तेथे सामान्यरूप होऊन लागतो. दिसायला प्रत्यय एक, कामे दोन. ‘आजचा’, ‘कालचा’, ‘दुपारचा’, ‘संध्याकाळचा’ ही पहिल्या कामाची रूपे आहेत, आणि ती पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात : आजचा अंक, आजची गाडी, आजचे काम, आजच्या गाडीने. तेव्हा ‘आज’ हे अव्यय आणि ‘आजचा’ हे त्यापासून झालेले विशेषण, असे म्हटले की व्याख्याही टिकते आणि भाषाही. हा नियम सर्वत्र सारखा चालतो असे मात्र समजू नये. ‘सकाळचा’, ‘दुपारचा’ असे आपण म्हणतो. पण ‘रात्रीचा’ आणि ‘पहाटेचा’ म्हणताना सामान्यरूप येतेच. भाषा आपले नियम कुंपणासारखे सरळ रेषेत घालीत नाही.

‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द खरोखरीची नामे कधीच होत नाहीत काय? होतात, आणि झाले की क्रियापद तसे सांगते. ‘काल सोमवार होता’ आणि ‘काल अमावास्या होती’ ही दोन वाक्ये पाहा. ‘काल’ हा शब्द दोन्हींत आहे, पण क्रियापदाचे लिंग पहिल्यात ‘सोमवार’प्रमाणे आणि दुसऱ्यात ‘अमावास्या’प्रमाणे बदलले. अर्थात ‘काल’ येथे कर्ता नाही. ते क्रियेचा समय सांगणारे क्रियाविशेषण आहे. आता ‘उद्या कोणी पाहिला आहे?’ हे वाक्य घ्या. हा कर्मणि प्रयोग आहे. त्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि येथे ‘पाहिला’ या पुल्लिंगी रूपाला अनुरूप असा ‘उद्या’खेरीज दुसरा शब्द वाक्यात नाही. ‘उद्या’ नाम नसता, तर आपण ‘पाहिले’ असे नपुंसकलिंगी रूप वापरले असते. हे पुल्लिंग कोठून आले? बोलणाऱ्याच्या मनात अध्याहृत असलेल्या ‘दिवस’ या शब्दापासून ते आले असावे. ‘आजचे काम उद्यावर टाकू नये’ यातही ‘उद्या’ म्हणजे ज्यावर काही टाकता येते असा एक दिवस, म्हणजे नामच.

उलट दिशेचा प्रवासही तितकाच नित्याचा आहे. जी निःसंशय नामे आहेत ती क्रियाविशेषणाचे काम करतात. ‘सकाळ झाली’ यात ‘सकाळ’ नाम आहे. ‘तो सकाळी आला’ यात त्याच नामाच्या सप्तमीने क्रियेचा समय दाखविला. ‘दिवसा’, ‘रात्री’, ‘दुपारी’, ‘पहाटे’ ही सारी अशीच विभक्तीची रूपे आहेत. पण ती इतकी रुळली आहेत की बोलणाऱ्याला त्यांतील विभक्ती जाणवत नाही. ‘तो दोन दिवस राहिला’ येथे तर प्रत्ययही नाही. उघडे नाम क्रियेचा विस्तार दाखविते. संस्कृतात या अर्थी द्वितीया येते आणि पाणिनीने तिच्यासाठी वेगळे सूत्र केले आहे. फारसीतून आलेला ‘रोज’ हा शब्द मूळचा नाम, अर्थ ‘दिवस’. मराठीत ‘चार रोज राहा’ म्हणताना तो नाम असतो, ‘तो रोज येतो’ म्हणताना क्रियाविशेषण होतो आणि ‘रोजाने कामाला जातो’ यात दिवसाची मजुरी असा अर्थ घेऊन पुन्हा नाम होतो.

‘वेळ’ या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. मराठीत तो दोन लिंगांत चालतो. ‘बराच वेळ गेला’ यात तो पुल्लिंगी आहे आणि अर्थ आहे लांबी असलेला, मोजता किंवा खर्चता येणारा काळ. ‘जेवणाची वेळ झाली’ यात तो स्त्रीलिंगी आहे आणि अर्थ आहे ठरलेला क्षण किंवा प्रसंग. सामान्यरूपेही वेगळी होतात : पुल्लिंगी ‘वेळा-’ आणि स्त्रीलिंगी ‘वेळे-’. म्हणून ‘वेळेत पोहोचलो’ म्हणजे ठरलेल्या क्षणापूर्वी पोहोचलो, आणि ‘तेवढ्या वेळात पोहोचलो’ म्हणजे तितका अवधी लागला. ‘वेळेवर’ आणि ‘थोड्या वेळाने’ यांतही तोच भेद आहे. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही म्हण तर या भेदावरच उभी आहे. तेथे ‘वेळ आला नव्हता’ असे म्हटले तर सारा अर्थच कोसळतो. ‘तीन वेळा सांगितले’ यात हाच स्त्रीलिंगी शब्द अनेकवचनात येऊन आवृत्ती मोजतो. आणि ‘एकवेळ उपाशी राहीन, पण उसने मागणार नाही’ या वाक्यात तो कालवाचकही उरत नाही. ‘फार तर’ अशा अर्थाचे अव्यय होऊन दोन पर्यायांतील एक पत्करतो. हिंदीतून किंवा इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यास मूळ शब्दाचे लिंग उपयोगी पडत नाही. ‘समय’ कोठे लांबीचा आहे आणि कोठे क्षणाचा, हे प्रत्येक वाक्यात नव्याने ठरवूनच ‘वेळ’चे लिंग निवडावे लागते.

क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय यांमधील सीमा याहून पातळ आहे. ‘पूर्वी तो येथे राहत असे’ यात ‘पूर्वी’ स्वतंत्र उभे आहे. ‘जेवणापूर्वी हात धुवावेत’ यात ते नामाला जोडून आले आहे. ‘नंतर’, ‘आधी’, ‘पुढे’, ‘मागे’ या सर्वांची हीच गोष्ट. शालेय पुस्तके याला दोन जाती म्हणतात. पण दोन्ही ठिकाणी अर्थ एकच असतो. एका ठिकाणी कशाच्या पूर्वी हे संदर्भाने कळते, दुसऱ्या ठिकाणी ते शब्दाने सांगितलेले असते, इतकेच. मला स्वतःला येथे जातिभेद करण्यात फारसे हशील वाटत नाही.

‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांचे तसे नाही. त्यांना नेहमी आधाराला शब्द लागतो, आणि तो ‘आज’, ‘काल’सारखा कालवाचक शब्द असला तरी चालतो. या दोन लहान शब्दांवर कधी कधी पुष्कळ काही अवलंबून असते. ‘सोमवारपासून शाळा सुरू’ असे फलकावर लिहिले असेल, तर मुले सोमवारीच दप्तर घेऊन निघतात. सोमवार मोजणीत धरलेला असतो. कायद्याची मोजणी निराळी आहे. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या ९ व्या कलमाप्रमाणे, केंद्रीय अधिनियमात ‘पासून’ या अर्थाचा इंग्रजी शब्द योजला की पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ या अर्थाचा शब्द योजला की शेवटचा दिवस धरला जातो. १९६३ च्या मुदत अधिनियमाचे १२ वे कलमही, ज्या दिवसापासून मुदत मोजायची तो दिवस वगळते. म्हणून १ मार्चच्या आदेशापासून ३० दिवसांची मुदत असेल, तर मोजणी २ मार्चला सुरू होते आणि ३१ मार्चला मुदत संपते. घरगुती मराठीच्या हिशेबाने चालणारा माणूस ती ३० मार्चलाच संपली असे समजून अपील करण्याचा विचार सोडून देईल. घरगुती मोजणीत दोन्ही टोके धरण्याची सवय इतकी मुरलेली आहे की रविवार ते रविवार या सात दिवसांच्या अंतराला आपण ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’.

आतापर्यंत आपण मराठीच्या अंगणात होतो. शेजारच्या भाषांकडे पाहिले की याच शब्दांची आणखी काही कामे दिसतात. मराठीतील ‘काल’ आणि हिंदीतील ‘कल’ हे दोन्ही संस्कृत ‘कल्य’पासून आले, आणि ‘कल्य’चा अर्थ होता पहाट. काळ या अर्थाच्या ‘काल’ शब्दाशी त्यांचा संबंध नाही. मराठीने हा शब्द गेलेल्या दिवसासाठी राखून ठेवला आणि येणाऱ्या दिवसासाठी ‘उदया’शी नाते सांगणारा ‘उद्या’ घेतला. हिंदीने दोन्ही दिवसांना ‘कल’च म्हटले. यामुळे हिंदी भाषकांची काही अडचण होत नाही, कारण दिशा दाखविण्याचे काम क्रियापद करते : ‘कल आया था’, ‘कल आएगा’. अडचण होते ती ‘कल’ विशेषणाच्या जागी गेला आणि क्रियापद दूर राहिले म्हणजे. ‘कल का भारत’ हे एखाद्या लेखाचे शीर्षक असेल, तर मराठीत ‘कालचा भारत’ लिहावे की ‘उद्याचा’? शीर्षकात क्रियापद नाही. सारा लेख वाचल्याशिवाय एका प्रत्ययाचेही भाषांतर करता येत नाही. हिंदीला स्वतःलाही गरज पडली की ती ‘बीता हुआ कल’ आणि ‘आनेवाला कल’ असे म्हणते, म्हणजे ‘कल’ला पुल्लिंगी नाम करून त्याला विशेषण जोडते. गुजरातीने हीच युक्ती नेहमीची करून टाकली. तेथे ‘गई काले’ म्हणजे काल आणि ‘आवती काले’ म्हणजे उद्या. ‘काल’ हे स्त्रीलिंगी नाम, त्याच्या आधी विशेषण आणि शेवटी सप्तमीचा ‘ए’. मराठीत जे एका अव्ययाचे काम, ते गुजरातीत तीन घटक मिळून करतात. बंगालीतही नुसता ‘काल’ दोन्हीकडे चालतो आणि नेमकेपणा हवा तेथे ‘गतकाल’, ‘आगामीकाल’ असे म्हणतात.

मराठी माणसाने यावर फार अभिमान बाळगू नये. त्याचा ‘परवा’ आणि ‘तेरवा’ दोन्ही दिशांना पाहतात. ‘परवाची सभा’ होऊन गेली की व्हायची आहे, हे त्या दोन शब्दांवरून समजत नाही. दक्षिणेकडील भाषांत येथे गोंधळ नाही : कन्नडमध्ये मागचा परवा ‘मोन्ने’ आणि पुढचा ‘नाडिद्दु’, तेलुगूत मागचा ‘मोन्न’ आणि पुढचा ‘एल्लुंडि’. कन्नडमध्ये अनुवाद करणाऱ्याने मराठी ‘परवा’ पाहिला की त्याला आधी सभेची तारीख शोधावी लागते.

दक्षिणेतील याच शब्दांची घडणही आपल्यापेक्षा वेगळी आहे. तेलुगूत ‘निन्न’ म्हणजे काल आणि ‘रेपु’ म्हणजे उद्या. ‘कालचा’ आणि ‘उद्याचा’ यांसाठी ‘निन्नटि’ आणि ‘रेपटि’ अशी रूपे होतात. ‘इल्लु’ म्हणजे घर, या नामाचे ‘इंटि’ असे सामान्यरूप होते. ही रूपे त्याच जातीची आहेत. म्हणजे मराठीचा ‘काल’ प्रत्ययापूर्वी वाकत नाही, तर तेलुगूचा ‘निन्न’ इतर नामांप्रमाणे वाकतो आणि वाकूनच विशेषणाची जागा घेतो. तमिळमध्ये ‘नाळ्’ म्हणजे दिवस, आणि त्याच कुळातला ‘नाळै’ म्हणजे उद्या. त्याचे विशेषण ‘नाळैय’, आणि चतुर्थीचा ‘क्कु’ लागून बोलण्यात ‘नाळैक्कु’. अशा भाषांत या शब्दांना कालवाचक नामे म्हणणेच सोयीचे पडते. एका भाषेच्या व्याकरणातील नाव दुसऱ्या भाषेतील समानार्थी शब्दाला जसेच्या तसे चिकटविले, तर त्या शब्दाची रूपे समजावून देता येत नाहीत.

‘आता’ आणि ‘मग’ यांचा उल्लेख शेवटी राखून ठेवला, कारण ते काळापासूनच फारकत घेतात. ‘आता पाऊस थांबला’ यात ‘आता’ समय दाखवितो. पण ‘आता असे पाहा’ म्हणणारा वक्ता घड्याळाकडे पाहत नसतो. तो ऐकणाऱ्याचे लक्ष पुढच्या मुद्द्याकडे वळवितो. ‘आधी जेव, मग बोल’ यात ‘मग’ क्रम सांगतो. ‘येणार नव्हतास, तर मग कळवायचे होतेस’ यात तो ‘तर’च्या जोडीने दोन वाक्ये सांधतो. आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या नातीचे कौतुक ऐकून आजी जेव्हा नुसते “मग!” म्हणते, तेव्हा त्या एका अक्षरजोडीत काळही नसतो आणि जोडही नसते, तिचा सारा अभिमान त्या उद्गारात सामावलेला असतो, आणि व्याकरणाला त्याची नोंद केवलप्रयोगी अव्ययांत करावी लागते.